आप्पारावांचं मत

२० ऑगस्ट १९९१, मंगळवार

रशियात उलथापालथ झाली आणि इथं माझे दोन कप फुटले. बन्सीधर मास्तरांनी जोशात हात आपटला तो नेमका ट्रेवर! म्हातारा पासष्टीचा झाला तरी हाताला धीर नाही.

तिकडच्या मोठ्या साहेबांना सुट्टीच्या बंगल्यात कोंडून ठेवलंय म्हणे. मॉस्कोत रणगाडे फिरतायत आणि कुठल्याशा समितीनं आणीबाणी लावलीय. मास्तर तर घरात पाळणा हलल्यासारखे खूष. "आता गाडी रुळावर येईल, वहिनी. बघाच तुमी!" नागनाथभाऊ आणीबाणी हा शब्द ऐकूनच तापले. आपल्याकडची आणीबाणी त्यांनी नाशिकच्या तुरुंगात काढली आहे. म्हणाले, "मास्तर, रणगाडा रुळावर चालत न्हाई, माणसावर चालतो."

मग नेहमीचंच — ठराव! कुणी तिऱ्हाईतानं ही वही वाचली तर आम्हाला ठार वेडे म्हणेल. मॉस्को रेडिओ श्रोता मंडळ, सेलू. बैठक रोज दिवेलागणीला, आमच्या ओट्यावर. रेडिओ आमचा, चहा माझा. सभासद चार : आमचे हे, शाळेतले बन्सीधर मास्तर, अडतीवरचे मुनीम नागनाथभाऊ आणि जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधणारे सटवाजी. बातम्या संपल्या की जगाच्या कुठल्याही भानगडीवर ठराव मांडायचा, हात वर करून मतं घ्यायची आणि मास्तरांनी तो पोस्टकार्डावर लिहून दिल्लीच्या रशियन वकिलातीला पाठवायचा.

हे जाऊन दीड वर्ष झालं. तरी सभासद अजून चारच! कारण ह्यांचं मत चालू आहे. तेराव्यानंतरच्या पहिल्या बैठकीत मास्तर रडवेले होऊन म्हणाले होते, "आप्पारावांचं मत मी टाकत जाईन. त्यांच्या मनात काय असतं ते मला ठाऊक हाय." तेव्हा मी आत जाऊन पदर डोळ्याला लावला होता. तेव्हापासून मास्तर आधी उजवा हात वर करतात, मग डावा. डावा म्हणजे हे.

आज समितीला पाठिंब्याचा ठराव दोन विरुद्ध एक मतानं पास. सटवाजी तटस्थ. कार्ड उद्या सकाळच्या टपालानं.

२२ ऑगस्ट

समिती पडली!! तीन दिवसही टिकली नाही. लोक रस्त्यावर आले, रणगाड्यांवर चढले, सैनिकांच्या हातात फुलं दिली. एक पांढऱ्या केसांचे पुढारी रणगाड्यावर उभे राहून कागद वाचत होते, तेच आता खरे धनी म्हणे.

आणि आमचं कार्ड बहुतेक मनमाडला पोहोचलं असेल. सरकार नाही, पण सेलूचा पाठिंबा निघालाय! नागनाथभाऊ हसून हसून खोकत होते. "मास्तर, तार कर. म्हणावं, मजकूर रद्द समजावा."

मास्तर हसले नाहीत. चहाही अर्धाच घेतला. म्हणाले, "लोक लय होते का गं खरंच? की बीबीसीवाले वाढवून सांगायलेत?" मला एकदम अगं-तुगं केलं, म्हणजे माणूस फार हलला आहे.

२६ डिसेंबर १९९१

काल तो लाल झेंडा उतरवला. देशच उरला नाही. चवथीत नकाशावर ज्याच्यावर मास्तर पोरांना अख्खा पंजा ठेवायला लावायचे, तो देश!

बैठक झाली, पण ठराव नाही. कशावर घेणार? रेडिओ मधे ठेवून सगळे नुसते बसून राहिले, मयताच्या घरी बसतात तसे. मीही चहा ठेवायची विसरले.

मला सारखी पहिली वर्षं आठवतायत. ह्यांनी परभणीहून रेडिओ आणला तेव्हा मी चिडले होते, कारण मला त्या पैशात शिलाई मशीन हवं होतं. मग एका संध्याकाळी ह्यांनी काटा फिरवता फिरवता ती बाई लागली. मॉस्कोहून मराठी बोलणारी! इतकी कोरी करकरीत मराठी, की एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. आमच्याकडं 'करायलाय', 'जायलाय'. तिच्या तोंडी 'करीत आहेत', 'जात आहेत'. मास्तर वर्गात पोरांना म्हणायचे, "अरे, रशियातली बाई शुद्ध बोलती आन् तुमी सेलूत राहून धेडगुजरी!" मला आपली तिची काळजी वाटायची. एवढ्या थंडीत ती स्टुडिओत काय पांघरून बसत असेल? एकदा ह्यांना विचारलं तर हे आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या घरच्यांनी मॉस्कोला गोधडी पाठवायचं काढलंय."

दर वर्षी कॅलेंडर यायचं. बर्फ, बर्फात लाल टोपीतली मुलगी, आणि खाली आम्हाला न वाचता येणारे वार. मी ते स्वयंपाकघरात लावायचे. दुधाचे खाडे त्याच्यावरच लिहायचे.

अठ्ठ्याहत्तर साल आठवतं. विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटला होता. गावोगाव सटवाजींच्या लोकांची घरं जाळली. सटवाजी चार-पाच दिवस आलेच नाहीत. मग एके दिवशी आले, पायरीवर टेकले आणि म्हणाले, "एक ठराव आपल्या इद्यापीठाच्या नावाचा बी घ्या की." मास्तर म्हणाले, "सटवाजी, आपलं मंडळ आंतरराष्ट्रीय हाय. ह्यो स्थानिक प्रश्न." हे म्हणाले, "पुढच्या बैठकीत बघू." पुढच्या बैठकीत चिली की कुठलासा देश निघाला. तो ठराव राहिला तो राहिलाच. सटवाजींनी पुन्हा विषय काढला नाही, पण यायचंही सोडलं नाही. मला हे सगळं आज का आठवावं?

आणखी एक गोष्ट इथंच लिहून ठेवते. हे अंथरुणाला खिळले होते, तेव्हा तिकडं कुठं तरी भिंत पाडायला लागले होते. हे म्हणाले, "कमल, बंद कर तो. इतकी वर्षं ऐकतोय. त्या बाईनं एकदा तरी सांगितलं का, की तिथं कुणी कुणाशी भांडलं? आपल्या ओट्यावर माणसं चार, आन् भांडण रोज. तिथं एवढा मोठा देश आन् सगळे एकमुखानं? कुठंतरी पाणी मुरायलंय."

हे ह्यांचं खरं मत. मास्तरांचा डावा हात वर जातो तेव्हा मला ते दर वेळी ऐकू येतं. पण मला कोण विचारतंय? आणि विचारलं तरी सांगायचा धीर होणार नाही. मास्तरांना घरी दुसरं आहे काय! बायको जाऊन वर्षं झाली. मुलगा पुण्याला. हा ओटा मोडला तर तो माणूस खचेल. आणि खरं सांगायचं तर मीही.

३ मार्च १९९२

कॅलेंडर आलं नाही. मास्तर म्हणतात टपालात अडकलं असेल. दुधाचे खाडे नुसते लक्षात ठेवते.

१८ जून १९९२

मराठी कार्यक्रम आता लागत नाही. बंद झाला, की आमचा रेडिओ थकला, कोण जाणे. काटा इकडं तिकडं फिरवून झाला, छतावर तार चढवून झाली. हिंदी लागतं तेवढं ऐकायचं. ती बाई गेली. तिचं नावही कधी नीट कळलं नाही!

हिंदीत सांगतात की मॉस्कोत म्हाताऱ्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या राहून घरातल्या वस्तू विकतायत. पडदे, समोवार, नवऱ्याची पदकं. बाजार मोकळा झाला तो असा. नागनाथभाऊ म्हणाले, "बाळंतपण हाय. कळा येणारच." मी म्हणाले, "भाऊ, कळा तुम्हाला कधी आल्यात?"

२७ एप्रिल १९९३

रशियात कौल घेतला. तुमचा राष्ट्रपतीवर विश्वास आहे का, हो की नाही. नागनाथभाऊंनी हट्ट धरला की आपणही गुप्त मतदान करू. हात वर करण्यात भीड पडते म्हणे.

मग माझा पितळी डबा. ज्वारीचा दाणा म्हणजे हो, तुरीचा म्हणजे नाही. प्रत्येकानं आत जाऊन टाकायचा. डबा उघडला तर ज्वारी एक, तूर तीन, आणि शिवाय एक शेंगदाणा! शेंगदाणा सटवाजींचा. "मला दोन्ही बी पटंना, म्हून." पण मग तुरी तीन कशा? जिवंत माणसं तीन. त्यात एक ज्वारी, एक शेंगदाणा. मास्तर ताठ बसून म्हणाले, "एक माजी. एक आप्पारावांची." आणि तिसरी? मग मास्तर हळूच म्हणाले, "हातात दोन आल्या व्हत्या, चुकून."

नागनाथभाऊ ओरडले, "मेलेला माणूस एकदा मत टाकतो ते चालवून घेतलं, आता दोनदा?" असे हसलो सगळे, की शेजारच्या छबूबाई बघायला आल्या. मास्तरही हसले शेवटी. फार दिवसांनी.

३० सप्टेंबर १९९३

पहाटे धरणी हलली. मांडणीवरची भांडी सगळी खाली. गणपती बोळवून माणसं नुकती निजली होती. दिवसभर बातम्या येतायत, लातूरकडं गावंच्या गावं गेली. किल्लारी. रेडिओवर आकडा दर तासाला वाढतो. लिहवत नाही.

सटवाजी घरोघर फिरून चादरी गोळा करतायत. ह्यांचं घोंगडं दिलं.

५ ऑक्टोबर १९९३

काल मॉस्कोत त्यांच्याच राष्ट्रपतीनं त्यांच्याच संसदेवर तोफा डागल्या. आज नागनाथभाऊंच्या घरी टीव्हीवर पाहिलं. पांढरी उंच इमारत, वरचे मजले काळे ठिक्कर. चुलीवर पालथं ठेवलेलं पातेलं असतं ना, तशी. दोन वर्षांपूर्वी ह्याच इमारतीसमोर लोक रणगाड्यांवर चढले होते, ह्याच पुढाऱ्याला वाचवायला!

संध्याकाळी ओट्यावर जे झालं ते लिहायलाही हात धजत नाही.

नागनाथभाऊ म्हणाले, आत बसलेले लोकशाहीचे वैरी होते, दुसरा मार्गच नव्हता. मास्तर म्हणाले, "निवडून दिलेल्यांवर तोफ? आन् ही तुजी लोकशाही? अमेरिकेनं पाठ थोपटली म्हून इन्साफ झाला का?" ठराव निघाला. एकाचा निषेधाचा, दुसऱ्याचा समर्थनाचा. एकास एक. सटवाजी किल्लारीला गेलेले. मास्तरांचा डावा हात वर गेला आणि नागनाथभाऊंनी तो धरून खाली ओढला. "आज आप्पाराव माज्याकडून! तो माणूस लोकशाहीवाला व्हता. लय झाली तुजी मक्तेदारी!"

मास्तरांनी हात सोडवून घेतला. म्हणाले, "मेलेल्या माणसाकडून तोफ डागून घेतूस? तू अठ्ठेचाळीस साली रझाकारांत असायला पायजे होतास."

नागनाथभाऊंना! ज्यांचा थोरला भाऊ रझाकारांनी मारला! मास्तरांना हे माहीत नाही असं नाही. निजामाच्या तुरुंगात दोघं एका घोंगडीत झोपलेले. भावाची बातमी आली तेव्हा नागनाथभाऊ मास्तरांच्याच मांडीवर डोकं ठेवून रडलेले.

नागनाथभाऊ ताडकन उठले. टोपी उचलली आणि पायऱ्या उतरून गेले. मास्तर तसेच बसून राहिले. मीच म्हणाले, "जा मास्तर आता तुम्हीही." मला त्यांचा राग आला होता. फार राग आला होता.

९ ऑक्टोबर

कुणी नाही.

१७ ऑक्टोबर

सटवाजी आले किल्लारीहून. पायरीवर बसले. म्हणाले, "वहिनी, तिथं कुणाचा वाडा आन् कुणाचं खोपाट, काही वळखू येत न्हाई." मग म्हणाले, "रेडू लावा की." दोघांनीच ऐकलं. चहाचं आधण सवयीनं चौघांचं ठेवलं होतं. दोघांचा सटवाजींनी प्यायला, एक मी. उरला तो ओतून दिला.

१३ नोव्हेंबर

दिवाळी. ओट्यावर पणत्या लावल्या तर ओटा आणखीनच रिकामा दिसायला लागला.

मास्तर भाजीबाजारात भेटले. खांदे पडलेत. हातात वांगी घेऊन म्हणाले, "सगळं ठीक?" म्हटलं ठीक. "रेडिओ?" म्हटलं आहे. मग इकडं तिकडं बघून, "तो येतो का?" मी म्हणाले, "कोण तो? नाव घ्या." नाव घेतलं नाही. वांगी तशीच ठेवून गेले. भाजीवाली माझ्यावरच डाफरली.

१५ डिसेंबर १९९३

रशियात निवडणूक झाली आणि तिथल्या लोकांनी सगळ्यात जास्त मतं कुणाला द्यावीत? एका आरडाओरडा करणाऱ्या माणसाच्या पक्षाला! शेजारचे देश गिळू, अमुक करू, तमुक करू. बीबीसी हिंदीवाला सांगतानासुद्धा अडखळला.

सकाळी मास्तर दारावरून चालले होते. थांबले. ओट्यावर पाय न ठेवता म्हणाले, "वहिनी, ह्येच्यासाठी न्हवतं ऐकलं आपण सगळं." आणि गेले. दुपारी नागनाथभाऊंच्या घरून छबूबाईंच्या हाती निरोप — विचारा म्हणावं, रेडिओवर आणखी काही सांगितलं का. घरात टीव्ही असून!

दोघांनाही एकाच गोष्टीचं दुःख झालंय. आणि ते सांगायला दोघांकडंही दुसरं माणूस नाही. कपाळ माझं! कसली ही पुरुषमंडळी!

१२ जानेवारी १९९४

पश्चिमेच्या देशांनी रशियापुढं हात केलाय. आमच्या लष्करी युतीत सभासद नाही, पण भागीदार म्हणून या. तिकडं वाद पेटलाय की हात धरावा की नाही. म्हणजे पाहुणा दारात बोलवायचा, पण पाट मांडायचा नाही, असलं आमंत्रण. ह्यावर ओट्यावर काय रण माजलं असतं! मला ते भांडण ऐकायचंय. खरंच सांगते, जीव लागलाय त्या भांडणात.

परवा संक्रांत. डोक्यात एक बेत आहे.

१४ जानेवारी १९९४, संक्रांत

नीट लिहिते. सगळं लिहिते.

गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला गेल्या होत्या. मला चार वर्षं बोलावणं नाही. पहिल्या वर्षी रडले होते. आता म्हटलं, बरं आहे, संध्याकाळ मोकळी! रशियाच्या राजकारणाला विधवेचा विटाळ होत नाही.

सटवाजींना दोन्ही घरी पाठवलं. मास्तरांना सांगितलं नागनाथभाऊ गावाला गेलेत, तिळगुळाला या. नागनाथभाऊंना सांगितलं मास्तरांना ताप आहे, ते येणार नाहीत. सणाच्या दिवशी दोन खोट्या गोष्टी. पचल्या.

दोघं पायरीशीच समोरासमोर! नागनाथभाऊ वळलेच होते. मी वाटी घेऊन आडवी उभी राहिले. म्हटलं, "भाऊ, तीळ हातात घेतल्याशिवाय संक्रांतीला दारातून कुणी गेलंय का?" थांबले. मास्तर खाली बघत होते. मग घसा साफ करून, सभेत बोलतात तसे म्हणाले, "मी एक ठराव मांडतो. पाच ऑक्टोबरला ह्या ओट्यावर मी जे बोललो ते बिनशर्त मागं घेतो. माजी जीभ झडायला पायजे होती." मग सटवाजी म्हणाले, "माजं अनुमोदन." मास्तरांनी हात वर केला, सटवाजींनी केला. नागनाथभाऊ नुसते उभे. डोळे भरलेले. शेवटी हात वर केला तो डोळे पुसायला की मताला, ते मला सांगता येणार नाही. मास्तरांनी तो मत म्हणून धरला. पास!

मग सटवाजींनी खिशातून कागदात बांधलेले पेढे काढले. "आज नाव लागलं." विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं, दुपारीच रेडिओवर सांगितलं होतं. पेढे मास्तरांपुढं धरून म्हणाले, "मास्तर, आपला एक ठराव मागं राहिलाय. पुढच्या बैठकीत घ्यायचा व्हता." मास्तरांनी चष्मा काढला. नागनाथभाऊ म्हणाले, "सटवाजी, आधी वर या. पायरीवर बसून का सांगायला?" सटवाजी इतकी वर्षं पायरीवर बसतात. आम्ही म्हणायचो, त्यांना वारा लागतो तिथं! आज ते वर आले, सतरंजीवर बसले, आणि ठराव एकमतानं पास झाला. सोळा वर्षं उशिरा. सटवाजी म्हणाले, "कार्ड कुणाला धाडता? ठेवा आता इथंच."

आणि मग — भांडण! कसं विचारता! रशियानं पश्चिमेचा हात धरावा का? मास्तर : "ज्येच्याशी जन्मभर कोर्टात भांडला त्येच्याच पंगतीला? आन् ते बी दारात बसून?" नागनाथभाऊ : "मग किती दिवस बांध कोरत बसायचं? शेजाऱ्यांसंगं बसल्याबिगर भांडण मिटत न्हाई." मास्तर : "मिटवून घेनाऱ्याच्या हातात काय राहतं?" नागनाथभाऊ : "आता तूच मिटवून घेतलंस की! काय गेलं तुजं?" मी आत चहा गाळत होते. हसू आवरेना.

मतं — एकास एक. सटवाजी म्हणाले, "आज मला माज्या सणात ऱ्हाऊ द्या." मास्तरांचा डावा हात उचलला आणि मधेच थांबला. नागनाथभाऊंकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "वहिनी, तुमीच सांगा. आप्पाराव काय म्हणले असते?"

चार वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं.

मी सांगितलं. अंथरुणावर हे काय म्हणाले ते, शब्दाला शब्द. पाणी मुरायलंय इथपर्यंत. मास्तरांनी अर्धवट उचललेला डावा हात खाली घेतला. मला वाटलं आता उठतील आणि पुन्हा यायचे नाहीत. म्हणाले, "म्हंजे मी इतके दिवस त्येंच्या नावानं उलटंच..." मी म्हणाले, "तुम्ही हात वर करत होता, म्हणून हे अजून ओट्यावर बसलेले वाटत होते. मला ते हवं होतं, मास्तर. पण आता पुरे. आजपासून जिवंत माणसाचंच मत धरायचं."

"मंग वहिनींचं घ्या की," सटवाजी म्हणाले. "वटा त्येंचा, रेडू त्येंचा, चा त्येंचा. मत तेवढं बाहेरच्याचं!" हे इतकी वर्षं कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही!

मी म्हणाले, पंगतीला बसावं, पण दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये आणि आपलं ताट सोडू नये. मास्तर म्हणाले, "ही म्हण झाली. ठरावाला म्हण चालत न्हाई. हात वर का खाली?"

वर केला. आयुष्यात पहिल्यांदा, ह्या ओट्यावर. हात जड वाटला. भाऊंच्या बाजूनं. दोन विरुद्ध एक.

मास्तर हरले. मंडळ निघाल्यापासून पहिल्यांदा हरले असतील. मी जीव मुठीत धरून बघत होते. त्यांनी वाटीतला तीळगूळ उचलला, नागनाथभाऊंच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हरलो. उद्या परत मांडतो."

१५ जानेवारी

मांडला. परत हरले. चहा दोनदा झाला.

२ एप्रिल

मास्तरांनी आज कसलासा ठराव जिंकला, धान्य आयातीचा. नागनाथभाऊंना पेढा आणायला लावला. सटवाजी हल्ली आल्या आल्या वरच बसतात, सतरंजीचा कोपरा त्यांचाच झालाय. ओटा पूर्वीसारखा भरतो. संध्याकाळची वाट बघते मी आता, ह्यांच्या वेळी बघायचे तशी.

१० जून १९९४

बन्सीधर मास्तर गेले. सकाळी, अंघोळीला पाणी काढता काढता. काल संध्याकाळीच ओट्यावर ओरडून ओरडून भांडले होते.

२३ जून १९९४

रशियानं काल त्या भागीदारीवर सही केली. बीबीसीवर सांगितलं. नागनाथभाऊंनी ठराव मांडला : हे मंडळ स्वागत करते. आवाज खाली होता. मी विचारलं, "बाजूनं?" त्यांनी हात वर केला. मी केला. "विरुद्ध?" कोण असणार विरुद्ध! सटवाजी खाली बघत बसले होते.

नागनाथभाऊंनी डावा हात वर केला. म्हणाले, "ह्यो मास्तरचा."

मी मोजला.